दुपारी दोनचा फोन

एक बाई सागाच्या पानांत मेलेले मासे बांधून आमच्या कार्यालयात आली, ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, महामार्गावरचे अपघात तर किती पाहिले याची गणती नाही. पण कोणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हटलं की माझ्या तोंडी हीच येते. नावं कोणाचीच सांगणार नाही. यातले बरेच जण अजून नोकरीत आहेत आणि दोघांच्या घरी माझं जाणं-येणं आहे.

मी तेव्हा पोलीस निरीक्षक होतो. कर्जत-खालापूर भागासाठी नेमलेल्या एका पथकाचा प्रमुख. कार्यालय म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. बाई डोंगराच्या अंगाच्या एका वाडीवरून चालत आली होती. तिने माझ्या टेबलावर, हजेरीच्या रजिस्टरशेजारी, पानं उघडली.

"सायब, ह्ये मासं बगा. कुनी जालं टाकलं नाय, कुनी गल टाकला नाय. आपसूक वर आलं. आमच्या पोरींच्या पायांना फोड आल्यात. पानी हाय, पन पेवाचं नाय."

"वास कसला येतो पाण्याला?" मी विचारलं.

"बॅटरीसारका."

माशांनाही तोच वास होता. त्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण इतकी नेमकी खबर मला पगारी खबऱ्यांनीही क्वचित दिली असेल. कारखान्यांचं टाकाऊ रसायन टँकरमधून वाहून न्यायचं, प्रक्रिया केंद्रात पोचवल्याचे कागद करायचे आणि माल मात्र कुठेतरी रानात ओतून मोकळं व्हायचं, हा धंदा आमच्या कानावर होता. तो आता वाडीच्या ओहळात उतरला होता.

आम्ही नाकाबंदी लावली. आठवडाभर टँकर अडवले. सगळ्यांचे कागद चोख. इतके चोख की मला तिथेच शंका आली. खऱ्या ड्रायव्हरच्या कागदाला चहाचा डाग असतो, एखादा कोपरा फाटलेला असतो. या कागदांना घडीसुद्धा नव्हती. पण शंकेवर गुन्हा दाखल होत नाही. ओहळावर माणसं बसवली, तर आठ दिवस कोणी फिरकलं नाही. माल कुठे ओतला जातो आणि कोण ओततं, हे आतून कळल्याशिवाय पुढे जाणं शक्य नव्हतं.

हे टँकर कुंभिवलीजवळच्या एका वॉशिंग सेंटरवर थांबत. तिथे गाड्या धुतल्या जात. आम्हाला तिथे एक माणूस हवा होता, आणि तोही या भागात कोणी चेहरा न पाहिलेला. वरिष्ठांनी सांगली भागातून एक हवालदार पाठवला. वय त्रेचाळीस, अंगाने आडवा, एका गुडघ्याने किंचित लंगडणारा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी निराशा झाली. दहा मिनिटांनी ते खोलीतून गेले आणि मी त्यांचा चेहरा आठवू लागलो, तर आठवेना. तेव्हा कळलं की वरिष्ठांनी माणूस बरोबर पाठवलाय. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. हॉटेलातली नोकरी गेलेला आचारी, अशी ओळख घेऊन हवालदार वॉशिंग सेंटरवर लागले. हातात पाण्याचा पाइप, राहायला मागची पत्र्याची खोली. तिथे सगळे त्यांना मामा म्हणू लागले.

नियम मी घालून दिले होते. रोज सकाळी आठला कार्यालयाच्या मोबाइलवर एक मिस्ड कॉल. याचा अर्थ, मी ठीक आहे. आठवड्यातून एकदा बाजाराच्या गर्दीत, भाजी घेता घेता, मला भेटायचं. बाकी कोणाशीही, कसलाही संबंध नाही. "तुमचं तोंड जितकं बंद, तितका तुमचा जीव सुरक्षित," असं मी त्यांना सांगितलं होतं. त्या वेळी हे वाक्य मला फार शहाणपणाचं वाटलं होतं.

मिस्ड कॉलची नोंद ठेवायचं आणि त्यांच्या फोनचं टॉवर लोकेशन पाहायचं काम आमच्या तांत्रिक विश्लेषणाच्या टेबलावर होतं. ते टेबल सांभाळायच्या एक महिला पोलीस नाईक. वय एकोणचाळीस. राहायच्या शेलूला, वडिलांकडे. लग्न झालं होतं, मूल होत नाही म्हणून नवऱ्याने सोडलं होतं. बंदोबस्तात पाय मोडल्यावर त्यांना 'हलकं काम' म्हणून संगणकाच्या खोलीत बसवलं गेलं आणि वर्षभरात जिल्ह्यात त्यांच्या तोडीचं कोणी उरलं नाही. आम्ही हजार कॉलची यादी पाहिली की आमचे डोळे दुखायचे. त्या तीच यादी निवडलेल्या तांदळासारखी पाहायच्या आणि खडा नेमका उचलून द्यायच्या. बोलणं मोजकं. कार्यालयात लहानथोर सगळे त्यांना ताई म्हणत, मीसुद्धा.

दोन महिने गेले. हवालदारांनी मालकाचा विश्वास मिळवला. दोनदा त्यांनी भाजीबाजारात मला सांगितलं, "साहेब, उद्या खास गाडी येणार हाय." दोनदा मी शेजारच्या ठाण्यांतून माणसं मागवून सापळा लावला. दोन्ही वेळा टँकर आमच्या समोरून शिस्तीत गेला, सरळ प्रक्रिया केंद्रात शिरला आणि माल रीतसर उतरवून परत आला. दुसऱ्या वेळी तर ड्रायव्हरने जाता जाता मला नमस्कार केला.

त्यांना आधीच कळत होतं. म्हणजे कोणीतरी सांगत होतं.

वरिष्ठांचा फोन आला. "तुमचाच माणूस फुटलाय. दोन महिने एकटा आहे, समोर लालूच आहे. त्याचा सीडीआर काढा." सीडीआर म्हणजे फोनवरच्या कॉलचा तपशील. मी तो आमच्या टेबलावरून न काढता थेट जिल्ह्याच्या कार्यालयातून मागवला. पानं हातात आली. एक नंबर रोज दिसत होता. दुपारी दोन वाजता. तीस मिनिटं, चाळीस मिनिटं, एकदा तर पन्नास. कॉल कधी इकडून, कधी तिकडून. पाच आठवडे.

मी तो नंबर कागदावर लिहून ताईंच्या टेबलावर ठेवला. "हा कोणाच्या नावावर आहे, आत्ता पाहिजे."

त्यांनी कागदाकडे पाहिलं. उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, शोधायला नको. माझा आहे."

त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये नावाने होता. दहा आकडे म्हणून तो मी कधी वाचलाच नव्हता.

पुढचा अर्धा तास सांगायला मला आजही अवघड जातं. रीतीप्रमाणे एका महिला हवालदाराला खोलीत बसवलं, दार लावलं आणि मी चौकशी सुरू केली. का केलंत? आदेश माहीत होता ना? कोणाच्या सांगण्यावरून? काय मिळालं? ताई खाली मान घालून उभ्या होत्या. "चूक झाली, सर," यापलीकडे शब्द नाही. माझा पारा चढत गेला आणि मी म्हणालो, "एकट्या राहणाऱ्या बाईला दोन गोड शब्दांची भूल पडते. त्यापायी एका माणसाचा जीव धोक्यात घातलात!"

शेजारी बसलेल्या महिला हवालदाराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी गप्प झालो. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. त्या सावकाश म्हणाल्या, "सर, तुम्ही मघापासून 'का' विचारताय. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. काय बोललो ते विचारा. ते सगळं सांगते."

मी खुर्चीवर बसलो. त्यांनाही बसायला सांगितलं. "सांगा."

सुरुवात तापाने झाली होती. एके सकाळी आठला मिस्ड कॉल आला, मग पाच मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. ताईंनी स्वतःच्या फोनवरून उलट कॉल केला. हवालदार तापाने फणफणले होते, चुकून बटण दाबलं जात होतं. कार्यालयाच्या फोनवरून का नाही केला, असं मी विचारलं. "त्याची नोंद तुम्ही पाहिली असती आणि त्यांना परत बोलावलं असतं. ते म्हणाले, इतक्या दिवसांची मेहनत वाया जाईल, साहेबांना सांगू नका. मी तांदळाची पेज करून प्यायला सांगितली, गोळी सांगितली. दुपारी दोनला जेवणाच्या सुट्टीत ताप विचारायला फोन केला. दुसऱ्या दिवशीही केला."

"आणि ताप उतरल्यावर?"

"तेव्हाही केला, सर."

"बोलायचात काय?"

"ते आज काय शिजवलं ते सांगायचे. इथली डाळ शिजत नाही म्हणायचे. मी विचारायची, ते सांगायचे. त्यांच्या मिसेसचं सांगायचे. मी माझं थोडं सांगितलं."

"त्यांना पाहिलंय तुम्ही?"

"नाही सर. फोटो फाइलमध्ये आहे आणि फाइल तुमच्या कपाटात असते."

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुम्हाला काय म्हणून हाक मारतात?"

इथे ताई पहिल्यांदा थांबल्या. कान लाल झाले. "आधी ताई म्हणायचे, सगळे म्हणतात म्हणून. मग एक दिवस म्हणायचं सोडलं."

महिला हवालदाराने खिडकीबाहेर पाहिलं. मीही पाहिलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत इतका सरळ कबुलीजबाब मी ऐकला नव्हता.

मग मी सापळ्याच्या दोन दिवसांवर आलो. "त्या दिवशी काय बोलणं झालं? शब्द न् शब्द." ताईंची स्मरणशक्ती त्यांच्या कामासारखीच होती. पहिल्या दिवसाचं सांगितलं, त्यात काही नव्हतं. दुसऱ्या दिवसाचं सांगताना म्हणाल्या, "त्या दिवशी ते हसत होते. त्यांच्या मालकाला सकाळी कोणाचा तरी फोन आला होता. मालक फोन ठेवून म्हणाला, 'आज सायबांकडं पावनं हायत, पंचवीस वडं गेलं.' ह्यांना वाटलं कोणा साहेबाच्या घरी कार्यक्रम असेल. मला म्हणाले, तुमच्याकडचे साहेबलोक वडेच खातात काय?"

मी उठून उभा राहिलो.

आमच्या पथकात एरवी आठ माणसं. नाश्त्याला फाट्यावरच्या टपरीवरून दहा वडे यायचे. सापळ्याच्या दिवशी बाहेरून कुमक आली की आमचा लेखनिक सकाळीच वड्यांची संख्या वाढवायचा. मी त्याला बोलावलं. दोन्ही दिवशी पंचवीस मागवले होते. तासाभरात आणखी एक गोष्ट कळली. टपरीवाला वॉशिंग सेंटरच्या मालकाचा सख्खा मेव्हणा होता. आमच्यातलं कोणीच फुटलं नव्हतं. आम्ही इतके दिवस घरभेदी शोधत होतो आणि सापळ्याची बातमी कढईतून बाहेर जात होती. टँकर आधी वॉशिंग सेंटरवर थांबायचा, मालक एक शब्द बोलायचा, आणि त्या दिवशी माल गुपचूप योग्य ठिकाणी जायचा.

त्या संध्याकाळी माझ्यापुढे प्रश्न होता, ताईंना टेबलावरून काढायचं का. नियमाने काढायला हवं होतं. मी काढलं नाही. ते टेबल वाचणारं दुसरं कोणी नव्हतं, हे एक. दुसरं असं की मी त्यांना सांगितलं, "दोनचा फोन चालू ठेवा. अचानक बंद केला तर मालकाला संशय येईल." हे माझं अधिकृत कारण होतं. ताई फक्त "हो सर" म्हणाल्या, पण दार लोटताना त्यांनी ते जरा जपून लोटलं.

पुढच्या सापळ्याच्या दिवशी टपरीवर रोजचेच दहा वडे सांगितले. बाहेरून आलेली माणसं कार्यालयाकडे फिरकू दिली नाहीत. एका ओळखीच्या शेतघरात बसवली, आणि माझ्या पत्नीने चपात्या आणि बटाट्याची भाजी करून दिली. गाडी कधी निघेल ते हवालदारांनी एका मिस्ड कॉलने कळवायचं आणि आम्ही अंतर ठेवून मागे जायचं, अशी योजना होती.

ती पहिल्याच पायरीवर फसली. इशाऱ्याचा मिस्ड कॉल आलाच नाही. दुपारचे साडेबारा झाले, तसा ताईंचा मला फोन आला. आवाज नेहमीसारखा सपाट होता, पण श्वास ऐकू येत होता.

"सर, ते कुंभिवलीत नाहीत. त्यांचा टॉवर बदलला. चौक गावाकडून कर्जतच्या अंगाला सरकतायत."

हवालदार कधीच सेंटर सोडून जात नसत. नंतर कळलं ते असं. टँकरचा क्लीनर त्या दिवशी आला नव्हता. मालक म्हणाला, "मामा, आज तू जा गाडीवर." नाही म्हणायची सोय नव्हती, आणि ड्रायव्हर मांडीला मांडी लावून बसलेला असताना फोनला हात लावायचीही नव्हती.

आम्ही दोन जीप घेऊन निघालो. वाटेत ताईंचा पुन्हा फोन. "सर, आता एकाच टॉवरवर थांबलेत. पण हा टॉवर डोंगराच्या पायथ्याचा मोठा भाग धरतो. तीन वाड्या आणि मधलं सगळं रान."

"म्हणजे शोधायचं कुठे?"

 त्या म्हणाल्या, "सर, ते एकदा कुरकुरत होते. म्हणाले, या एकाच टँकरच्या चाकांना पांढरी भुकटी लागलेली असते, पाण्याने जात नाही, ब्रशने घासावी लागते. हायवेला पांढरी भुकटी नाही. त्या टॉवरखाली एक बंद पडलेली दगडखाण आहे. आधी खडी फोडायचे तिथे." आणि लगेच, "सर, मी निघालेय. रिक्षा घेतलीय."

"तुम्ही येऊ नका," असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "पाण्याचे कॅन घेऊन या."

खाणीच्या तोंडाशी आम्ही पोचलो तेव्हा वाऱ्यावर तो वास आला. बॅटरीसारका. टँकर खाणीच्या काठावर उलटा लावलेला, पाठीमागचा व्हॉल्व्ह उघडा, आणि खाली साचलेल्या पाण्यात पिवळट रसायन पडत होतं. पाण्यातून वाफ उठत होती. ड्रायव्हर काठाशी आडवा पडला होता. आणि हवालदार, तोंडाला ओला पंचा बांधून, डोळे मिटून, अंदाजाने मागे सरकत, त्या ड्रायव्हरला बगलेत धरून ओढत होते. गुडघा साथ देत नव्हता. दोन पावलं ओढायचे, खाली बसायचे, खोकायचे, पुन्हा ओढायचे.

आमच्या पोरांनी धावत जाऊन दोघांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला आणलं. एकाने श्वास रोखून व्हॉल्व्ह बंद केला. मी रुग्णवाहिका मागवली, पंच बोलावले, फोटो काढायला लावले. हात आपोआप काम करत होते. लक्ष मात्र हवालदारांकडे होतं. त्यांचे डोळे सुजून बंद झाले होते. दोघांनी धरून ठेवलं तरी ते जीपमधल्या बाटलीचं पाणी डोळ्यांत जाऊ देत नव्हते, इतकी आग होत होती.

तेवढ्यात रिक्षा आली. ताई पाण्याचे कॅन घेऊन उतरल्या. मोडलेल्या पायाने त्या इतक्या भरभर चालतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्या खडीत गुडघ्यांवर बसल्या, हवालदारांचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "डोळे उघडा. जळू दे. मिटायचे नाहीत."

हवालदारांची धडपड थांबली. त्यांनी डोळे उघडायचा प्रयत्न केला, दिसत काहीच नव्हतं. घशातून आवाज निघत नव्हता. तरी म्हणाले, "दोन वाजले व्हय? जेवलासा का?"

आमचा एक शिपाई, चांगला सहा फुटी गडी, तोंड फिरवून रुमाल शोधू लागला.  ताई पाणी ओतत राहिल्या. चार कॅन संपले, तोवर रुग्णवाहिका पोचली.

हवालदारांची दृष्टी वाचली. आठवड्याने पट्टी निघाली तेव्हा मी रुग्णालयात होतो. ताई दाराशी उभ्या होत्या, आत यायला तयार नव्हत्या. हवालदारांनी आधी मला पाहिलं, सलाम केला, मग माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मला वाटलं हुतं, उंच असाल."

"मला वाटलं होतं, बारीक असाल," ताई म्हणाल्या. मला अचानक बाहेर एक फोन करायची आठवण झाली.

ड्रायव्हरही वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याची चौकशी करायची वेळच आली नाही. "ज्याने मला ओढून काढलं त्याच्यापासून काय लपवू," असं म्हणून त्याने मालक, टपरीवाला, कागद बनवणारा आणि माल पाठवणारा, सगळी साखळी आपणहून सांगितली. मी त्याला विचारलं, "मामाचा कधी संशय नाही आला?"

तो म्हणाला, "साहेब, सुरुवातीला मालकाला आला होता. पण मग मामाला रोज दोनला फोन यायला लागला. मामा फोन घेऊन कोपऱ्यात जायचा आणि लाजायचा. आम्ही समजलो, याचं लग्न जमतंय. लाजणारा माणूस पोलीस असेल, असं कोणाच्या मनात येईल?"

ज्या फोनमुळे हवालदारांचा जीव जाईल असं मी ओरडून सांगितलं होतं, त्याच फोनने त्यांना पाच आठवडे सांभाळलं होतं.

दोषारोपपत्र गेलं. खाणीतून झिरपून ओहळात उतरणारा माल उपसला गेला. ओहळ स्वच्छ व्हायला पुढची दोन वर्षं लागली, तोवर वाडीला टँकरने पाणी द्यावं लागलं. हे पुरेसं झालं असं मी म्हणणार नाही.

राहिला ताईंनी मोडलेला आदेश. मी अहवालात सगळं लिहिलं, काही लपवलं नाही. सहीपूर्वी तो त्यांना वाचायला दिला. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे, सर." वरिष्ठांनी ताईंना आणि हवालदारांना लेखी समज दिली, आणि त्याच महिन्यात दोघांना बक्षीसही दिलं. त्या दिवशी मी ताईंना माझ्या खोलीत बोलावलं. महिला हवालदारालाही बोलावलं, कारण जे बोललो होतो ते तिच्यासमोर बोललो होतो. म्हणालो, "एकट्या बाईबद्दल मी जे म्हणालो ते अधिकाऱ्याला शोभणारं नव्हतं. माफ करा."

ताई म्हणाल्या, "त्या दिवशी लागलं होतं, सर. आज बरं वाटलं." एवढंच. मला वाटतं, हेच योग्य उत्तर होतं. 'असू दे' म्हटलं असतं तर माझी सुटका फार स्वस्तात झाली असती.

पुढे एका रविवारी हवालदार माझ्याकडे आले आणि जमिनीकडे पाहत म्हणाले, "साहेब, शेलूला जायचं हुतं. माझ्याकडनं बोलाय इथं वडीलधारं कोण न्हाई." आम्ही गेलो. ताईंचे वडील शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, ताठ बसणारे. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. त्यांनी हवालदारांना पगार विचारला नाही, जात विचारली नाही. विचारलं ते असं, "माझी मुलगी घरात दिवसाला दहा वाक्यं बोलत नाही. तुमच्याशी चाळीस मिनिटं काय बोलते?"

हवालदार गोंधळले. "मास्तर, त्या बोलत न्हाईत. त्या विचारत्यात. बोलतो मी."

"आणि ती?"

"ऐकत्यात. मध्येच हसत्यात. मग मी आनीक बोलतो."

 आतल्या खोलीतली भांड्यांची हालचाल थांबली होती. मास्तर म्हणाले, "लग्न बुद्धवंदनेने होईल. चालेल?"

"चालंल की."

"तुमच्या घरच्यांना?"

हवालदारांनी खरं सांगितलं. "थोरला भाऊ येणार न्हाई म्हणतोय. बहीण येईल."

भाऊ आला नाही. बहीण आली, आणि परत निघताना ताईंच्या गळ्यात पडून रडली. आमचं पथक मात्र झाडून सगळं हजर होतं.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. माणसाला 'का केलंस' विचारलं की तो स्वतःचा बचाव करू लागतो, किंवा गप्प बसतो. 'काय झालं' विचारलं की तो सांगू लागतो, आणि गुन्हा उकलतो तो सांगण्यातून. हे मी नंतर प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत आलो. दुसरी गोष्ट मात्र मी कोणत्याही प्रशिक्षणात ऐकली नव्हती. वेषांतर करून गेलेल्या माणसाला आपण शस्त्र देतो, खोटी ओळख देतो, खर्चाला पैसे देतो, आणि त्याचं बोलणं काढून घेतो. पण रोज कोणीतरी 'आज काय शिजवलं' असं विचारणारं असलं की त्या माणसाला आपण मुळात कोण आहोत हे विसरता येत नाही, आणि संकटात तो शुद्धीवर राहतो. म्हणून त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी ज्याला ज्याला अशा कामावर पाठवलं, त्याच्यासाठी दिवसातली पंधरा मिनिटं बोलायला एक विश्वासाचं माणूस नेमून दिलं. लेखी आदेशानेच. त्यातल्या आणखी कोणाचं लग्न जमलं नाही. पण सगळे परत आले.